सबिताच्या काड्या

लेक वर्षा लग्न होऊन शिरपूरला गेली, त्या वर्षी सुंदराने घरामागची जागा खणायला घेतली. सुरतेत डिंडोलीतल्या त्यांच्या सोसायटीत घरं एकमेकांना चिकटलेली, पुढून सारखीच दिसणारी; पण प्रत्येकाच्या मागे बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब असा उघडा तुकडा होता. बहुतेकांनी तिथे लादी घालून न्हाणी बांधली होती, कुणी खोली काढून भाडेकरू ठेवले होते. सुंदराकडे धुण्याचा दगड, पाण्याचं पिंप आणि घर बांधताना उरलेला विटांचा चुरा, एवढंच होतं.

चुरा काढून तिने खालची काळी माती वर आणली आणि मग दर हंगामात काहीतरी नवं लावायचा तिने सपाटाच लावला. बटाटे पोत्यात लावले, ते सुपारीएवढे निघाले. फ्लॉवरला नुसतीच पानं आली. भाच्याने नाशिकहून द्राक्षाची काडी पाठवली, ती दोन महिने हिरवी राहिली आणि एका दिवसात वाळली. रेडिओवर ऐकून तिने भाताच्या पेंढ्यावर अळिंबी करून पाहिली. आठव्या दिवशी असा वास सुटला की शेजारच्या प्रमिलाबाईंनी भिंतीवरून विचारलं, कुठे उंदीर तर नाही ना मेला. प्लेगची साथ जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि सुरतेत तेव्हा उंदीर हा शब्द कुणी सहज उच्चारत नसे. संध्याकाळच्या आत पालिकेचा माणूस पावडरीचा डबा घेऊन दारात उभा राहिला, आणि पेंढ्याच्या खोक्यासकट अळिंबी गेली.

हळद मात्र चांगली आली. पण सुंदराचा स्वभावच असा, की साधलेल्या गोष्टीचं तिला पुढच्या वर्षी अप्रूप राहत नसे आणि न साधलेल्या गोष्टीच्या मागे ती लागत नसे. बिघडलं की उपटायचं आणि पुढचं लावायचं. तिचा नवरा उखा उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी करून यायचा, मागच्या दाराशी हातपाय धुताना यंदा काय मेलं असं विचारायचा. तीही हसून सांगायची.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर उखाच्या शेजारच्या मागावर काम करणारा त्रिनाथ गावाहून बायकोला घेऊन आला. गाव ओरिसात, गंजामकडे. सोसायटीच्या मागच्या चाळीत त्याने वरची खोली घेतली होती. बायको सबिता, वीस-एकवीस वर्षांची, तिला ना हिंदी येत होती ना गुजराती. दिवसभर एकटी राहील म्हणून त्रिनाथने उखाला विचारलं, थोडा वेळ तुमच्या घरी येऊन बसली तर चालेल का. उखाने सुंदराला न विचारताच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सबिता आली ती हातात ओल्या फडक्याची गुंडाळी घेऊन. ती सुंदरापुढे धरून म्हणाली, "पोटळ."

सुंदराला वाटलं, हिचं पोट दुखतंय. तिने तिला बसवलं, ओवा आणि मीठ हातावर दिलं, वर गरम पाणी प्यायला लावलं. पोरीने निमूटपणे ओवा खाल्ला, पाणी प्यायली आणि पुन्हा गुंडाळी पुढे केली. सुंदराची सासू अनुसयाबाई उंबऱ्याशी बसून हे सगळं बघत होती. ती अहिराणीत म्हणाली, पोरीच्या पोटात काही नाही, त्या फडक्यात काय आहे ते आधी बघ. फडकं सोडलं तर आत बोटाएवढ्या जाडीच्या सहा-सात काड्या होत्या आणि मुळांचे दोन तुकडे.

संध्याकाळी त्रिनाथ आला तेव्हा उलगडा झाला. पोटळ म्हणजे परवळ. त्यांच्याकडे त्याशिवाय जेवण होत नाही. सबिताच्या आईने घरच्या वेलाच्या काड्या कापून दिल्या होत्या आणि दोन रात्री रेल्वेत तिने त्या पाणी शिंपडत जपून आणल्या होत्या. इथे खोली वरच्या मजल्यावर, माती कुठेच नाही.

"भाभी, थोडा मिट्टी मिलेगा क्या?" त्रिनाथने विचारलं.

सुंदराने आयुष्यात परवळ लावलं नव्हतं. खानदेशात कुणी लावताना तिने पाहिलं नव्हतं. सुरतेत येऊन चौदा वर्षं झाली तरी ते तिने बाजारात फक्त हाताळून ठेवून दिलं होतं. नवं काही म्हटल्यावर तिला दुसरं काही सांगावं लागत नसे. त्याच संध्याकाळी दोघींनी भिंतीलगत आळी केली.

काड्या लागल्या. थंडीत नुसत्या बसून राहिल्या आणि फाल्गुनात त्यांना असे फुटवे फुटले की सुंदराने सुतळ्या बांधून वेल भिंतीवर चढवले. चैत्राच्या शेवटी पांढरी, झिरमिळ्या कडांची फुलं आली. प्रत्येक फुलाच्या मागे हिरवा, इवलासा फुगीर दाणा होता, परवळाच्याच आकाराचा. सबिताने तो दाणा बोटाने दाखवला आणि पहिल्यांदाच मोकळेपणी काहीबाही बोलली. सुंदराला त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण काय म्हणते आहे ते कळलं.

चार दिवसांनी दाणे पिवळे पडले आणि गळाले.

मग रोज तेच. सकाळी फूल, चौथ्या दिवशी पिवळा दाणा मातीत. सगळा उन्हाळा असा गेला. प्रमिलाबाईंनी दृष्ट लागली म्हणून वेलाला जुनी चप्पल टांगायला सांगितली, ती टांगली. अनुसयाबाईने आंबट ताक घालायला लावलं, ते घातलं. राख, शेणखत, पाणी जास्त, पाणी कमी, सगळं करून झालं. पावसाळ्यात वेल आणखी माजले, फुलं आणखी आली, आणि सगळी गळाली.

एरवी सुंदराने ते केव्हाच उपटले असते. पण एके सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठली, तर सबिता आधीच बोळाकडच्या दिंडीतून मागे येऊन वाकून गळालेले दाणे वेचत होती. सुंदराला दिसू नयेत म्हणून ती ते रोज पदरात घालून बाहेर नेऊन टाकत असावी. सुंदरा दारातूनच परत फिरली. पहिल्यांदाच आपल्या मातीत दुसऱ्याचं काहीतरी आहे, आणि ते आपल्याला कंटाळा आला म्हणून उपटता येणार नाही, हे तिला त्या दिवशी उमगलं.

अडचण वेगळीच उभी राहिली. श्रावणात अनुसयाबाई मागच्या चिखलात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण पंधरा दिवस तिला उठता-बसता येईना. उखा चिडला. मागे सगळीकडे सिमेंटचा कोबा घालायचा आणि एक न्हाणी बांधायची, असं त्याने ठरवून टाकलं. त्याचं चुकत होतं असं सुंदरालाही म्हणता येईना. तिने एवढंच मागितलं की अजून एक हंगाम बघू दे.

उखाने मागे जाऊन वेलांवर एक नजर टाकली. मग घरातल्या बोलीत म्हणाला, "आखाजी लगून देखू. मंग कोबा."

आखाजीपर्यंत, म्हणजे पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत. सुंदराच्या हाती आठ महिने होते.

तिने बाजारातल्या भाजीवालीला विचारलं, हे परवळ येतं कुठून. कामरेजकडून, तापीच्या काठच्या शेतांतून, असं कळलं. भाद्रपदातल्या एका सकाळी सुंदराने वेलाचा एक फुलांसकट तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळला, सबिताला बरोबर घेतलं आणि कामरेजची बस धरली. सुरतेत येऊन वर्ष होत आलं तरी सबिता स्टेशन आणि चाळ यांपलीकडे गेली नव्हती. सगळ्या वाटेत ती खिडकीच्या गजाला धरून बसली होती. उसाची शेतं लागली तेव्हा तिने सुंदराला कोपराने ढोसून ती दाखवली, जणू सुंदरानेच ती कधी पाहिली नव्हती.

चार ठिकाणी विचारत विचारत त्या एका मळ्यात पोचल्या. मांडवाखाली डोक्याला पंचा गुंडाळलेला एक म्हातारा परवळं तोडत होता. त्याचं नाव छीबुभाई. सुंदराने आपली सगळी कहाणी चौदा वर्षांत जमवलेल्या गुजरातीत सांगितली. त्याने तुकडा हातात घेतला, एक फूल उलटं केलं, दुसरं उलटं केलं, तिसरंही केलं.

"बेन, आ तो बधी मादा छे," तो म्हणाला. "नर क्यां छे?"

सगळे वेल मादीच आहेत, नर कुठे आहे, असं तो विचारत होता. सुंदराने असं काही ऐकलंच नव्हतं. छीबुभाईने तिला मांडवाच्या कडेला नेलं आणि तिथल्या एका वेलाचं फूल तोडून दाखवलं. तसंच पांढरं, पण मागे फुगीर दाणा नाही, नुसता बारीक देठ. हा नर. दहा वेलांमागे असा एक पुरतो. पहाटे याचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि दाणेवाल्या फुलाच्या तोंडाला हलकेच लावायचं. एका फुलात सहा-सात फुलं होतात. त्याने ते एकदा करून दाखवलं, मग सुंदराच्या हातून करून घेतलं आणि शेवटी सबिताच्या हातून.

सबिताला मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी समजावून सांगताना सुंदरा मध्येच थबकली, कारण पोरगी तोंडावर पदर धरून हसायला लागली होती. आता ती थोडं थोडं बोलू शकत होती. तिने सांगितलं, तिच्या गावी कुंपणापलीकडे काकाच्या दारी एक वेल होता, त्याला कधीच काही लागलं नाही. आई तो तोडायला निघायची आणि आजी तोडू द्यायची नाही. का ते आजीला कुणी विचारलं नाही आणि आजीने सांगितलं नाही. आईने काड्या दिल्या त्या फक्त लागत्या वेलाच्या.

नराचं मूळ मात्र छीबुभाईने लगेच दिलं नाही. आत्ता लावून जगणार नाही, म्हणाला, कार्तिकात या. कार्तिकात दोघी पुन्हा गेल्या आणि वीतभर मूळ घेऊन आल्या. पैसे विचारले तर त्याने हात हलवला. वेल लागला की कळवा, एवढंच म्हणाला. सुंदराने ते मूळ कोपऱ्यात, बाकीच्यांपासून दोन हात अंतरावर पुरलं.

पौषात जुने वेल वाळून सुतळ्यांना लटकले. अनुसयाबाई रोज त्यांच्याकडे बघून म्हणायची, "येल वाळी गया, सुंदरा. काढी टाक आते." सुंदरा मुळं जिवंत आहेत म्हणून सांगायची, पण मनातून तिलाही खात्री नव्हती. नराच्या जागी तर मातीवर काहीच दिसत नव्हतं.

माघात भाचीच्या लग्नाला सुंदरा आठ दिवस पारोळ्याला गेली. तेवढ्यात उखाच्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने रेती आणली. कोबा आखाजीनंतर घालायचा होता, पण टेम्पो रिकामा परत जात होता म्हणून उखाने रेती आत्ताच टाकून जायला सांगितलं होतं आणि स्वतः पाळीवर गेला होता. टेम्पोवाल्याने मागच्या बोळातून भिंतीवरून घमेली ओतली. सगळा ढीग पडला तो नेमका कोपऱ्यात, नराच्या डोक्यावर.

सुंदरा परत आली तेव्हा ढीग समोरच्या भिंतीशी होता. आधी तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. काय झालं ते तिला अनुसयाबाईने सांगितलं. रेती पडली त्या दुपारी सबिता आली, कोपरा बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती घमेलं घेऊन रेती उपसायला लागली. अनुसयाबाईने राहू दे म्हणून सांगितलं, उखा आल्यावर काढेल म्हणून सांगितलं. पोरगी ऐकेना. शेवटी कंबर धरून म्हातारी स्वतः उठली. घमेल्याची एक कड हिने धरायची, दुसरी तिने. दोन दुपारी लागल्या. शेवटचा थर सबिताने हातांनी काढला, मुळाला धक्का लागू नये म्हणून.

"मी तिले सांगं, आठे काहीच नही," अनुसयाबाई म्हणाली. "ती म्हणे, से."

इथे काही नाही असं सासू सांगत होती आणि सबिता आहे म्हणत होती. अहिराणीतलं ते 'से' सबिता केव्हा आणि कुणाकडून शिकली, हे सुंदराने विचारलं नाही. त्या दोघी रोज दुपारी उंबऱ्याशी बसून डाळ-तांदूळ निवडत, हे तिला ठाऊक होतं.

उखालाही हे सगळं आईकडूनच कळलं.  पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो खात्यात भंगारात निघालेल्या चार लोखंडी नळ्या सायकलला बांधून घेऊन आला. बरोबर तुटलेल्या धाग्यांचं एक मोठं बोचकं. दिवसभर खपून त्याने नळ्या रोवल्या आणि धाग्यांचे पीळ घालून वरती जाळी विणली, मागावर ताणा लावावा तशी सरळ आणि सारख्या अंतराची. थोडी रेतीही त्याने स्वतःच काळ्या मातीत मिसळली. पावसाचं पाणी साचणार नाही, म्हणाला.

फाल्गुनात जुन्या मुळांना कोंब आले. कोपऱ्यातला कोंब बारा दिवस उशिरा आला, आणि ते बारा दिवस सुंदराने कसे काढले ते तिचं तिला माहीत.

चैत्र निम्मा सरला तेव्हा मांडव भरला होता आणि पुन्हा फुलं येऊन गळू लागली होती. कोपऱ्यातल्या वेलाला मात्र कळी नव्हती. एका पहाटे सबिताने मागचं दार वाजवलं. सुंदरा बाहेर आली. सबिताने तिचा हात धरून तिला कोपऱ्यात नेलं. दोन फुलं उमलली होती. सुंदराने वाकून फुलांच्या मागे बघितलं. दाणा नव्हता.

दोघींनी एकेक फूल तोडलं. मांडवावर त्या दिवशी दाणेवाली अकरा फुलं होती. सबिताने सहा केली, सुंदराने पाच.  प्रत्येक फुलाच्या देठाला त्यांनी धाग्याचा तुकडा बांधला. त्यानंतरचे चार दिवस सुंदरा मागे फिरकली नाही. धुणंसुद्धा तिने पुढच्या नळावर धुतलं.

पाचव्या दिवशी सकाळी अनुसयाबाई आतूनच म्हणाली, जाऊन बघ तरी. चार दाणे गळून पडले होते. सात हिरवे होते, आणि आधीपेक्षा जाड झाले होते. सुंदराने ते तीनदा मोजले. मग ती धुण्याच्या दगडावर बसली आणि तिला रडू आलं. इतकी वर्षं इतकं मेलं तेव्हा ती कधी रडली नव्हती.

आखाजीच्या दिवशी खानदेशातल्या लेकी माहेरी येतात. वर्षाच्या सासरी लग्न होतं, तिला जमलं नाही. सुंदराने सकाळीच चाळीत निरोप धाडला की सबिता आणि त्रिनाथ इकडेच जेवतील. पुरणपोळी आणि आमरस होताच. तोवर मांडवावर तेरा परवळं तोडणीला आली होती. ती भरून काळ्या मसाल्यात करावीत असं सुंदराच्या मनात होतं, शेंगदाणे भाजूनही ठेवले होते. मग तिने चाकू सबिताच्या हातात दिला. सबिताने परवळं सोलून बटाट्याबरोबर तळली आणि मोहरी वाटून रस्सा केला. घरभर अनोळखी वास सुटला.

त्रिनाथने पहिला घास खाल्ला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"नमक कम है," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा सबिताने भांडं त्याच्यापासून दूर सरकवलं, कारण अनुसयाबाईचं व्हायचं होतं.

कोबा झाला, पण धुण्याच्या दगडाभोवती आणि दारापासून तिथपर्यंत हातभर रुंदीचा, म्हातारीला धरून चालता येईल असा. बाकीची माती तशीच राहिली. उरलेली रेती उखाने प्रमिलाबाईंना दिली. त्यांनी वर परवळाच्या काड्याही मागितल्या, कार्तिकात देईन म्हणून सुंदराने कबूल केलं, आणि दोन्ही प्रकारच्या घ्या, नुसत्या एका प्रकारच्या घेऊ नका, असं चांगलं समजावून सांगितलं. छीबुभाईला ती अर्धा किलो परवळं बसने जाऊन देऊन आली. त्याच्याकडे ढिगाने होती, तरी त्याने ती वेगळ्या टोपलीत ठेवली.

मृगाच्या आधीची एक सकाळ. फुलं करून झाली होती. आता ते काम सबिता एकटी पाच मिनिटांत करायची. सुंदरा नुसती दगडावर बसून चहा पीत बघत असे. हात पुसत सबिता पश्चिमेकडच्या भिंतीशी गेली. तिथे तीन हात जागा मोकळी होती. सुंदराच्या मनात त्या जागेसाठी दोन-तीन गोष्टी घोळत होत्या. रताळी, नाहीतर पुन्हा एकदा द्राक्ष. तिने अजून ठरवलं नव्हतं.

सबिता वळली. बोलायच्या आधी तिने जरा शब्द जुळवले. त्रिनाथच्या गावचा एक माणूस परवा आला होता, त्याच्याबरोबर आईने पोई नावाच्या पालेभाजीचं बी पाठवलं होतं. तिने कनवटीची पुडी काढून दाखवली. आत मिऱ्यासारखे काळे दाणे होते.

"ताई," ती म्हणाली, "ती जागा माले देशी का?"

दीड वर्षात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती तिने अनुसयाबाईच्या बोलीत मागितली होती. उंबऱ्याशी बसलेली म्हातारी मान खाली घालून सुपातल्या तांदळाकडे बघत राहिली, पण तिचे हात थांबले होते.

सुंदराने कप खाली ठेवला. हे बी किती खोल घालायचं, ऊन किती लागतं, वेल होतो की झुडूप, असं एकापाठोपाठ एक विचारत ती कुदळ आणायला उठली. सबिताने पदर खोचला आणि तिच्या हातातून कुदळ घेतली.